वाणिज्य पदवी आणि क्रेडिटचे हस्तांतरण : शहापूर-मुरबाड पट्ट्यातून एक आढावा

क्रेडिटचे हस्तांतरण म्हणजे एका संस्थेत उत्तीर्ण झालेला अभ्यास दुसऱ्या संस्थेने आपल्या पदवीत धरणे. शासकीय कागदांत क्रेडिटला श्रेयांक म्हणतात; महाविद्यालयाच्या खिडकीवर मात्र क्रेडिट हाच शब्द चालतो. बी.कॉम.चे पहिले वर्ष पूर्ण करून कॉलेज सोडलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांनी पुन्हा शिकायचे असेल, तर त्याने पहिल्यापासून सुरुवात करायची की दुसऱ्या वर्षात बसायचे, हा या विषयातला मुख्य प्रश्न आहे. छोट्या मुदतीचा रोजगाराभिमुख पदविका अभ्यासक्रम केलेल्याला तो अभ्यास वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या पदवीत मोजून मिळेल का, हा त्याच्या शेजारचा प्रश्न. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या दोन्ही प्रश्नांना नियमांची चौकट मिळाली आहे. त्या चौकटीत एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते : क्रेडिट जमा होणे आणि क्रेडिट मान्य होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी आपोआप चढली जाते असे गृहीत धरले जाते, दुसरीची माहिती वेळेवर मिळत नाही, आणि वर्ष वाया जाते ते या दोहोंच्या मधल्या जागेत.

या पट्ट्यात प्रश्न कुठून येतो

हा पट्टा ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा. या भागातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जवळची महाविद्यालये म्हणजे शहापूरचे सोनुभाऊ बसवंत कला व वाणिज्य महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप कला, विज्ञान आणि गोटीरामभाऊ पवार वाणिज्य महाविद्यालय. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांत जाणारेही पुष्कळ असतात.

शिक्षण मध्येच सुटण्याची कारणे इथल्या रोजगारात आहेत. भिवंडीची गोदामे, मुरबाडची एमआयडीसी आणि मुंबई-नाशिक महामार्गालगतचे कारखाने बारावी झालेल्या मुलाला लगेच काम देतात. घरी अडचण आली की पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटते. मुलींच्या बाबतीत लग्न, आणि लग्नानंतर दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जाणे हे मोठे कारण असते. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी व इतर आदिवासी कुटुंबांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके याच काळात चालते. अशा घरातील विद्यार्थ्याचे पहिले सत्र पुरे होते आणि दुसरे हुकते. जुन्या वार्षिक पद्धतीत त्याचे सगळे वर्ष बुडाले असते. क्रेडिट पद्धतीत किमान पहिल्या सत्राचा अभ्यास त्याच्या नावावर राहू शकतो. म्हणून शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षाही या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला क्रेडिटचे नियम नीट माहीत असणे जास्त गरजेचे आहे.

मूळ कल्पना

दोन वर्षे जवळच्या, स्वस्त संस्थेत शिकून उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज 1901 साली सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची त्यामागे प्रेरणा होती. पुढे अशा संस्थांना कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले. तिथे साधारण 60 क्रेडिटची असोसिएट पदवी मिळते आणि 120 क्रेडिटची पदवी विद्यापीठात पुरी करता येते. ही साखळी टिकली ती दोन संस्थांनी आधीच केलेल्या लेखी करारांमुळे. कॉलेजातला लेखाशास्त्राचा कोणता पेपर विद्यापीठातल्या कोणत्या पेपरऐवजी धरला जाईल, हे त्या करारात लिहिलेले असते. कॅलिफोर्नियाने 2010 साली कायदा करून हस्तांतरणासाठीच्या असोसिएट पदव्या ठरवल्या. व्यवसाय प्रशासन हा त्यांतला एक विषय. विद्यार्थ्याला प्रवेश घेतानाच पुढचा रस्ता दिसतो, ही त्या पद्धतीची खरी ताकद आहे.

भारतात कम्युनिटी कॉलेज 1990च्या दशकात आले. पाँडिचेरी विद्यापीठाचे कम्युनिटी कॉलेज 1995 साली आणि चेन्नईतील मद्रास कम्युनिटी कॉलेज त्यानंतर वर्षभरात सुरू झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने 2009 साली देशभर कम्युनिटी कॉलेजांना मान्यता देण्याची योजना आणली, पण ती फार काळ चालली नाही. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतःची कम्युनिटी कॉलेज योजना सुरू केली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये बी.व्होक. या व्यावसायिक पदवीची योजना आणली. 27 डिसेंबर 2013 रोजी अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा या दोन्ही योजनांचा आधार होता.

या योजनांत क्रेडिटची विभागणी नेमकी होती. प्रत्येक सत्राला 30 क्रेडिट, त्यांपैकी 18 कौशल्याचे आणि 12 सामान्य शिक्षणाचे. एका वर्षाची पदविका 60 क्रेडिटची, दोन वर्षांची प्रगत पदविका 120ची आणि तीन वर्षांची बी.व्होक. पदवी 180ची. किरकोळ विक्री व्यवस्थापन, लेखा व करआकारणी, बँकिंग असे वाणिज्याला लागून असलेले विषय त्यांत होते. कम्युनिटी कॉलेजातून पदविका घेतलेल्याला पुढे त्याच क्षेत्रातल्या बी.व्होक.मध्ये जाण्याची वाट आखलेली होती. बी.कॉम.कडे जाणारी वाट मात्र तशी आखलेली नव्हती. बी.कॉम.चा अभ्यासक्रम वेगळा, क्रेडिटचे गणित वेगळे आणि कौशल्याच्या 18 क्रेडिटना बी.कॉम.मध्ये समोरासमोर बसणारे पेपर नाहीत. त्यामुळे पदविका हातात असूनही अनेकांना पदवीसाठी पहिल्या वर्षापासून बसावे लागले. आजही जुनी पदविका घेऊन येणाऱ्याची अडचण हीच असते.

2020 नंतरची चौकट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केले. पदवीत एकापेक्षा जास्त वेळा बाहेर पडण्याची व परत येण्याची मुभा हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. त्यासाठी अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम काढले. बोलीत ही एबीसी. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक खाते, त्याला 12 अंकी आयडी, आणि त्या खात्यात वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेल्या क्रेडिटची नोंद, अशी ही व्यवस्था आहे. खाते डिजिलॉकरमधून आधारच्या साहाय्याने उघडते.

एबीसीचे चार नियम विद्यार्थ्याने पाठ करावेत असे आहेत. पहिला : खात्यात क्रेडिट टाकण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत संस्थेला आहे. विद्यार्थी स्वतःची गुणपत्रिका खात्यात चढवू शकत नाही. दुसरा : उत्तीर्ण झालेल्या पेपरचेच क्रेडिट जमा होते. केटी राहिलेल्या, म्हणजे अनुत्तीर्ण झालेल्या पेपरचे क्रेडिट तो सुटल्यावरच येते. तिसरा : जमा क्रेडिट पदवीसाठी वापरण्याची मुदत कमाल 7 वर्षे आहे. चौथा : जी संस्था पदवी देणार तिच्याकडूनच किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत.

एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा प्रसिद्ध झाला. शालेय, उच्च आणि कौशल्य शिक्षण एकाच मापाने मोजणे हा त्याचा उद्देश. एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचे शिक्षण. त्यात तासिका, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय असे सगळे धरले जाते. वर्षाला 1200 तास आणि 40 क्रेडिट हे त्याचे मूळ प्रमाण. पदवीच्या पहिल्या वर्षाअखेरचा स्तर 4.5, दुसऱ्याचा 5, तिसऱ्याचा 5.5 आणि चौथ्याचा 6 असा ठरला. दोन वेगवेगळ्या संस्थांतील अभ्यासाची पातळी एकच आहे का, हे पाहण्यासाठी हे आकडे उपयोगी पडतात. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या अनुदान आयोगाच्या पदवी-पदव्युत्तर विनियमांनी तयारी असलेल्या संस्थांना वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मोकळीक दिली आणि पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची तरतूदही केली. जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेश मिळू लागला, तर मधल्या सत्रात सुटलेल्या विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष थांबणार नाही. ही तरतूद ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत लवकर पोहोचली पाहिजे.

महाराष्ट्रातील बी.कॉम.ची मांडणी

महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023च्या शासन निर्णयाने राज्यातील विद्यापीठांसाठी क्रेडिटची रचना ठरवली. मुंबई विद्यापीठाच्या स्वायत्त महाविद्यालयांत ती 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून आली. प्रत्येक सत्राला 22 क्रेडिट, म्हणजे वर्षाला 44. तीन वर्षांची पदवी 132 क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी 176ची.

या 22 क्रेडिटमध्ये अनेक रकाने असतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला विषय. त्याशिवाय व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, आणि पुढच्या वर्षांत क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क व प्रत्यक्ष कामाचा अनुभव. हस्तांतरणाच्या दृष्टीने प्रत्येक रकान्याचे वजन सारखे नसते. वित्तीय लेखांकन, व्यावसायिक अर्थशास्त्र, व्यवसाय कायदा, सांख्यिकी, आयकर, जीएसटी हे पेपर बहुतेक विद्यापीठांत जवळपास सारखे असतात. ते सहज जुळतात. भाषा, ओपन इलेक्टिव्ह आणि सहअभ्यासक्रम यांचे विषय महाविद्यालयागणिक बदलतात. तिथे क्रेडिटची संख्या जुळते, पण विषय जुळेलच असे नाही.

मध्येच बाहेर पडण्याचे टप्पे ठरलेले आहेत. पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट मिळवून वर 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली, तर पदवीस्तरीय प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या वर्षानंतर तसेच केल्यास पदविका मिळते. अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022च्या आराखड्यानुसार अशा विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी अट आहे. कॉलेज सोडणे अटळ असेल तर ते या टप्प्यावर सोडावे. सत्र अर्धवट टाकले की त्या सत्राचे काहीच हाती लागत नाही. टप्पा पुरा करून सोडले तर क्रेडिटबरोबर नोकरीला दाखवता येईल असा कागदही मिळतो. 4 क्रेडिटचा जादा अभ्यासक्रम कधी, कुठे करायचा हे परीक्षेआधीच विचारून ठेवावे. नाहीतर ती संधी निघून जाते आणि मग प्रमाणपत्र अडते.

हस्तांतरणाच्या वाटा

सर्वांत सोपी वाट एकाच विद्यापीठातली. शिवळ्याच्या महाविद्यालयातून कल्याणच्या महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याची पदवी शेवटी मुंबई विद्यापीठाचीच असते. तिथे ना-हरकत दाखला, टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), रिक्त जागा आणि विषयांची जुळणी एवढेच पाहावे लागते. स्वायत्त महाविद्यालयात जायचे असेल तर थोडे सावध राहावे लागते. पदवी विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रम महाविद्यालयाचा असतो, आणि न जुळणारे पेपर जादा द्यावे लागू शकतात.

दुसरी वाट नियमितकडून दूरशिक्षणाकडे. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण 1971 पासून चालू आहे. वर्षानुवर्षे आयडॉल म्हणून ओळखली गेलेली ही संस्था आता दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र या नावाने चालते. पहिले वर्ष महाविद्यालयात करून, नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षाला तिथे प्रवेश घेणे ही या भागातली जुनी, रुळलेली पद्धत आहे. विद्यापीठ एकच असल्याने क्रेडिटचा प्रश्न कमी येतो. आयोगाच्या 2020च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. गोदामात किंवा कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यासाठी ही वाट सर्वांत हुकमी आहे.

तिसरी वाट यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. अभ्यासकेंद्रांमुळे लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुलीला हे विद्यापीठ सोयीचे पडते. इथे विद्यापीठ बदलते, म्हणून मायग्रेशन दाखला लागतो आणि आधीचे क्रेडिट किती धरायचे हे समकक्षता तपासून ठरते.

चौथी वाट स्वयं या सरकारी ऑनलाइन व्यासपीठाची. ते जुलै 2017 मध्ये सुरू झाले. आयोगाच्या 2021च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयंवरून करता येतात. आधीच्या 2016च्या विनियमांत ही मर्यादा 20 टक्के होती. चार क्रेडिटचा अभ्यासक्रम साधारण 12 ते 15 आठवड्यांचा असतो आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असला तरच क्रेडिट पदवीत येते. मनाने निवडलेल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळते, पण गुणपत्रिकेत त्याला जागा मिळेलच असे नाही.

पाचवी वाट एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांची. आयोगाने एप्रिल 2022 मध्ये दोन शैक्षणिक अभ्यासक्रम बरोबरीने करण्यास मार्गदर्शक तत्त्वांतून मुभा दिली. महाविद्यालयात बी.कॉम. आणि दूरशिक्षणाने पदविका, असे करता येते. दोन्हींचे क्रेडिट वेगवेगळ्या पात्रतांसाठी असतात. एकच क्रेडिट दोन पदव्यांत वापरता येत नाही.

व्यवस्थापनाच्या पदव्यांचा प्रश्न निराळा आहे. मुंबई विद्यापीठाने बीएमएस 1999-2000 मध्ये सुरू केले आणि ते शहरांपासून तालुक्यांपर्यंत पसरले. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा घेतली जाऊ लागली. अनेक महाविद्यालयांनी त्याऐवजी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असा अभ्यासक्रम घेतला. अभ्यासक्रम जवळचे असले तरी आता प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षानंतर बीबीएच्या दुसऱ्या वर्षात जाऊ पाहणाऱ्याने क्रेडिटच्या आधी प्रवेशाची पात्रता पाहावी. बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स) किंवा (बँकिंग अँड इन्शुरन्स) यांतून साध्या बी.कॉम.कडे येणे तुलनेने सोपे, कारण मूळ विषय सामाईक आहेत. उलट दिशेने जाताना विशेष पेपर भरून काढावे लागतात.

एका उदाहरणाचे गणित

समजा, शहापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने मुंबई विद्यापीठात बी.कॉम.ची पहिली दोन वर्षे पूर्ण केली. तिच्या खात्यात 88 क्रेडिट आहेत. लग्नानंतर ती नाशिक जिल्ह्यात गेली आणि तिथे दुसऱ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसू इच्छिते. पदवी 132 क्रेडिटची आहे. निम्मे, म्हणजे 66 क्रेडिट पदवी देणाऱ्या विद्यापीठातून मिळवायचे आहेत. नियम काटेकोर लावला तर तिच्या 88 पैकी 66च वापरता येतील आणि उरलेले 22, म्हणजे एक अख्खे सत्र, नव्याने करावे लागेल. तिने पहिल्याच वर्षानंतर विद्यापीठ बदलले असते तर 44 क्रेडिट घेऊन ती गेली असती, 88 तिथे मिळवायचे होते, आणि अटीचा अडसर आला नसता. दोन वर्षे झालेली असतील तर मुंबई विद्यापीठाच्याच दूरशिक्षणातून तिसरे वर्ष पुरे करणे तिच्या हिताचे. परीक्षेपुरता प्रवास करावा लागेल, पण एकही क्रेडिट वाया जाणार नाही.

आता दुसरी बाजू. जुन्या पद्धतीची 60 क्रेडिटची एक वर्षाची किरकोळ विक्रीची पदविका घेऊन कुणी बी.कॉम.ला आला, तर पहिल्या वर्षाचे 44 क्रेडिट आपोआप माफ होतील असे समजू नये. 60 हा आकडा मोठा दिसतो, पण तो वेगळ्या मापाचा आहे. त्यातील 36 क्रेडिट कौशल्याचे आहेत. ते व्यावसायिक कौशल्य किंवा ऐच्छिक रकान्यांत थोडेफार बसू शकतात. सामान्य शिक्षणाच्या 24 क्रेडिटपैकी संवादकौशल्य, संगणक, पर्यावरण असे पेपर जुळू शकतात. लेखांकन आणि अर्थशास्त्र हे बी.कॉम.चे कणे मात्र राहूनच जातात. पुढे शिकायचे असेल तर अशा विद्यार्थ्यासाठी त्याच क्षेत्रातल्या बी.व्होक.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश बहुधा अधिक फायद्याचा ठरतो.

आधीच्या क्रेडिटच्या मान्यतेचा निर्णय घेताना नव्या संस्थेची समिती चार गोष्टी पाहते : पातळी एकच आहे का, विषयांचा मजकूर किती जुळतो, तास व क्रेडिट किती होते, आणि मूळ संस्था मान्यताप्राप्त आहे का. म्हणून गुणपत्रिकेइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची, म्हणजे सिलॅबसची प्रत. पेपरचे नाव सारखे असून मजकूर वेगळा, किंवा नाव वेगळे असून मजकूर एकच, असे नेहमी घडते. सिलॅबस दाखवता आला तर निर्णय विद्यार्थ्याच्या बाजूने लागण्याची शक्यता वाढते.

कागदपत्रे आणि खाते

कॉलेज सोडण्यापूर्वी हाती असायला हवेत ते कागद असे : प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, टीसी, विद्यापीठ बदलायचे असल्यास मायग्रेशन दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, विद्यापीठाचा पीआरएन क्रमांक, एबीसी आयडी आणि त्या वर्षाचा सिलॅबस. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर पात्रता तपासणी, म्हणजे एलिजिबिलिटी, वेगळी होते. तोवरचा प्रवेश तात्पुरता असतो.

खात्यातला सर्वांत नेहमीचा घोळ नावाचा असतो. आधारवर एक नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, आणि महाविद्यालयाच्या अर्जात तिसरे. वडिलांचे नाव आधी की आडनाव आधी, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग, लग्नानंतर बदललेले नाव अशा कारणांनी नोंद जुळत नाही आणि क्रेडिट खात्यात दिसत नाही. लग्नानंतर आधारवरचे नाव बदलून घेताना हे विशेष लक्षात ठेवावे. पदवी पूर्ण होईपर्यंत शैक्षणिक कागदांवरचे नाव तेच ठेवणे सोपे जाते. दर सत्राच्या निकालानंतर डिजिलॉकर उघडून त्या सत्राचे 22 क्रेडिट आले का हे पाहण्याची सवय प्रत्येक विद्यार्थ्याने लावून घ्यावी. आले नसतील तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात त्याच महिन्यात अर्ज करावा. चार वर्षांनी तीच चूक दुरुस्त करायची म्हणजे विद्यापीठाच्या कार्यालयात खेटे घालणे आलेच.

शिष्यवृत्तीचाही यात संबंध आहे. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जाती, ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवरून भरले जातात. शिक्षणात पडलेल्या खंडाबद्दल अटी असतात आणि त्या योजनेगणिक वेगळ्या असतात. अभ्यासक्रम बदलला की नूतनीकरणाऐवजी नवा अर्ज करावा लागू शकतो. आदिवासी विद्यार्थ्यांनी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृह आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेची चौकशी प्रवेश बदलण्याआधी करावी. क्रेडिट वाचले आणि शिष्यवृत्ती गेली, तर गरीब घरातल्या मुलाचे शिक्षण पुन्हा तिथेच थांबते.

परदेशी जाताना

मराठी कुटुंबांतील मुले किंवा लग्नानंतर अमेरिकेला गेलेल्या मुली तिथल्या कम्युनिटी कॉलेजातून व्यवसाय प्रशासनाची पदवी सुरू करतात. आपल्याकडचे अर्धवट बी.कॉम. तिथे मोजता येते, पण माप बदलते. अमेरिकी क्रेडिटमागे साधारणपणे एक तास वर्ग आणि दोन तास स्वाध्याय, आठवड्यामागे, सुमारे 15 आठवडे, असे 45 तास धरले जातात. आपल्या 44 क्रेडिटचे 1320 तास होतात. त्यांना 45ने भागले की 29 च्या वर, म्हणजे जवळपास 30 क्रेडिट येतात. अमेरिकेतील एका वर्षाचा अभ्यासही तेवढाच असतो. तासांच्या हिशोबाने एक वर्ष एका वर्षाच्या बरोबरीचे ठरते. प्रत्यक्ष किती धरायचे हे मूल्यमापन संस्था आणि विद्यापीठ ठरवतात. आपल्या अकरावी-बारावीचे वर्ग तिथे शालेय शिक्षणात धरले जातात. भारतीय आयकर आणि कंपनी कायदा यांचे पेपर तिथल्या पदवीत ऐच्छिक म्हणून जातात. लेखांकन, अर्थशास्त्र व सांख्यिकी मुख्य विषयांत बसण्याची शक्यता असते. त्यामुळे परदेशी जाण्याची शक्यता असलेल्याने सीलबंद गुणपत्रिका आणि इंग्रजीतील सिलॅबस निघण्यापूर्वीच काढून ठेवावा.

काय बाकी आहे

नियमांची चौकट उभी राहिली आहे. उणीव आहे ती आधी ठरवलेल्या जुळणीची. राज्यातील विद्यापीठांनी बी.कॉम.च्या पहिल्या दोन वर्षांच्या मुख्य पेपरांची समकक्षता-यादी एकत्र बसून तयार केली आणि जाहीर केली, तर विद्यार्थ्याला समितीच्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. क्रेडिटची रचना राज्यभर एकाच शासन निर्णयाने ठरलेली असल्याने हे काम महाराष्ट्रात अवघड नाही. कौशल्य पदविका आणि बी.कॉम. यांच्यातही असाच लेखी पूल हवा. जुन्या पदविकाधारकाचे कोणते पेपर धरले जातील आणि लेखांकन-अर्थशास्त्राचा कोणता जोडअभ्यासक्रम केला की तो दुसऱ्या वर्षात बसेल, हे त्याला पदविकेला प्रवेश घेतानाच सांगता आले पाहिजे.

महाविद्यालयाच्या पातळीवर करण्यासारखे त्याहून सोपे आहे. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच एबीसी खाते उघडून नाव तपासणे, दुसऱ्या सत्रात स्थलांतर करणाऱ्या घरांतील विद्यार्थ्यांची यादी करून त्यांच्यासाठी स्वयंचे अभ्यासक्रम मान्य करून घेणे, टीसी मागायला आलेल्या प्रत्येकाला बाहेर पडण्याचे टप्पे आणि परत येण्याची मुदत लेखी देणे. टीसीच्या खिडकीवर दिलेला असा एक कागद पुढे कुणाचे तरी वर्ष वाचवू शकतो. त्यावर तीन गोष्टी असाव्यात : आजपर्यंत जमा झालेले क्रेडिट किती, ते कोणत्या तारखेपर्यंत वापरता येतील, आणि परत यायचे झाल्यास कुणाला भेटायचे. विद्यार्थ्याच्या बाजूने पाळायचा क्रमही तेवढाच छोटा आहे : सत्र पुरे केल्याशिवाय सोडू नये, शक्य असेल तर त्याच विद्यापीठात राहावे, बदलायचेच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदलावे, आणि नव्या संस्थेकडून आधीचे किती क्रेडिट धरले जातील हे फी भरण्याआधी लेखी घ्यावे.